उष्णतेचा जमाखर्च



गेल्या वैशाखात धाकट्या भगिनीच्या वर्षीतपाच्या पारण्यासाठी सोलापूरला जाणे झाले. तेरा महिने एकाआड एक उपवास करून तिने ही आराधना पूर्ण केली होती. अक्षय्य तृतीयेला इक्षुरसाने पारणे आणि आदल्या सायंकाळी सांजी असा बेत होता. सांजीच्या वेळी तिच्या वर्षभराच्या तपश्चर्येची छायाचित्रे जोडून केलेली सहा मिनिटांची चित्रफीत दाखवावी, असे भाच्याने मनाशी ठरविले होते. मी पोहोचलो तेव्हा सांजीला तीन दिवस उरले होते आणि घरात मात्र अबोला होता.

कारण असे, की चित्रफीत तयार करता करता संगणक मध्येच मान टाकत होता. आधी आतले पंखे घोंघावू लागत, मग काम रखडे आणि शेवटी पडदा काळा होई. मेहुण्यांचे साड्यांचे दुकान आहे. दुकानातील साड्यांच्या ध्वनिचित्रफिती ग्राहकांना मोबाइलवर पाठविण्याचे काम याच संगणकावर चालते. ऐन लग्नसराईत तेही ठप्प झाले होते. दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थांनी कॅबिनेट न उघडताच निदान केले होते: "ग्राफिक्स कार्ड तापते आहे, ते गेले. नवीन घ्या." मेहुण्यांचे निदान त्याहून वेगळे होते: "रात्र रात्र गेम खेळून याने यंत्र जाळले." महिनाभर बापलेकांत याच एका वाक्याची देवाणघेवाण चालू होती. नव्या कार्डाचा खर्च तीस हजारांच्या घरात जाणार होता, पण माझ्या मते खरे नुकसान त्या वाक्याचे होते.

पुरावा न पाहता कोणाच्याही नावे रक्कम लिहू नये, हा हिशेबाचा पहिला धडा. तोच येथेही लावावा असे ठरवून मी भाच्याला म्हणालो, "आधी आकडे लिहून काढू. दोषारोप मग."

प्रथम या कार्डाविषयी थोडे. संगणकाच्या पडद्यावर दिसणारी दृश्ये सिद्ध करणारा हा स्वतंत्र घटक. त्याला स्वतःची चिप, स्वतःची स्मृती, धातूच्या पातळ पत्र्यांचा उष्णताशोषक आणि त्यावर स्वतःचे पंखे असतात. भाच्याकडे एनव्हिडिया कंपनीची आरटीएक्स ३०६० ही चिप असलेले कार्ड आहे. पूर्ण जोराने चालताना हे कार्ड सुमारे १७० वॅट वीज घेते आणि त्यातील जवळजवळ सर्व वीज अखेर उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. जुन्या काळचे शंभर वॅटचे पावणेदोन दिवे एका लहानशा पेटीत पेटवून ठेवावेत, तसा हा प्रकार. आत आलेली उष्णता त्याच वेगाने बाहेर गेली तर खाते जुळते. ती कोठे तरी अडकली तर शिल्लक वाढत जाते आणि तापमापकाचा आकडा चढतो. सारा प्रश्न या जमाखर्चाचा आहे.

कोणता आकडा चिंतेचा, हेही समजून घ्यावे. काम नसताना ३५ ते ५० अंश सेल्सिअस हे सामान्य होय. आजची बरीच कार्डे हलक्या कामात आपले पंखे पूर्ण थांबवितात, त्यामुळे पंखा फिरत नाही म्हणून लगेच घाबरू नये. जड कामात ६५ ते ८० अंश हेही चालण्यासारखे. ८५च्या पुढे गेल्यास कारण शोधावे. वर सांगितलेल्या चिपची कमाल मर्यादा कंपनीने ९३ अंश दिली आहे. त्या दिशेने जाताना चिप स्वतःचा वेग आपोआप कमी करते आणि काम रखडते ते यामुळेच. म्हणजे रखडणे हे बिघाडाचे लक्षण असतेच असे नाही, पुष्कळदा ती यंत्राने केलेली आत्मरक्षा असते.

आकडा पाहण्यासाठी काही विकत घ्यावे लागत नाही. विंडोज १० मध्ये २०२० सालच्या मे महिन्यातील सुधारणेपासून टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स या पानावर स्वतंत्र कार्डाचे तापमान दिसते. अधिक तपशील हवा असल्यास जीपीयू-झेड किंवा एचडब्ल्यूइन्फो ही विनामूल्य साधने आहेत. त्यांत चिपच्या सर्वांत तप्त बिंदूचे तापमानही बहुतेक कार्डांवर वेगळे दिसते. ते पुढे उपयोगी पडेल.

दुपारी आम्ही वही घेऊन बसलो. खोलीचे तापमान ३६ अंश. ही नोंद फार महत्त्वाची, कारण पंखा आतील उष्णता खोलीतील हवेलाच देतो. खोलीच्या हवेपेक्षा कार्ड थंड होणे शक्य नाही. पौषात ७० अंशांवर चालणारे कार्ड वैशाखात ८२ वर गेले, तर बिघाड झाला असे न म्हणता खोली किती अंशांनी तापली ते आधी पाहावे. म्हणून निव्वळ आकड्यापेक्षा खोली आणि कार्ड यांतील अंतर लिहावे. चित्रफितीचे काम चालू केल्यावर पंधरा मिनिटांत कार्ड ९१ अंशांवर पोहोचले. अंतर ५५ अंश. हे मात्र निश्चित जास्त होते.

दुसरी तपासणी अनधिकृत खर्चाची. काही उपद्रवी प्रणाली संगणकात चोरून शिरतात आणि त्याच्या शक्तीवर परक्यासाठी आभासी चलनाचे उत्खनन करीत राहतात. मालकाला वीजबिल येते आणि कार्ड विनाकारण तापते. संगणक निवांत असताना टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्स कार्डाचा वापर काही टक्क्यांच्या पुढे दिसू नये. येथे तो दोन-तीन टक्केच होता. चोरी नव्हती.

मग मी कॅबिनेट कोठे आहे ते पाहिले. गल्ल्याच्या टेबलाखाली, सागवानी खणात, दार लावून. मागची बाजू भिंतीला टेकलेली. गेल्या दिवाळीला दुकानाचे नूतनीकरण झाले तेव्हा तारांचा पसारा दिसू नये म्हणून ही व्यवस्था केली होती. कोणी केली, हे मी विचारले नाही. भाचाही काही बोलला नाही. हे मला आवडले.

यापुढे आम्ही एक नियम पाळला: एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर तेच काम, तेवढाच वेळ, पुन्हा नोंद. चार गोष्टी एकदम केल्या तर कोणत्या गोष्टीने गुण आला ते कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा चारही कराव्या लागतात.

पहिला बदल: कॅबिनेट खणातून काढून मोकळ्या जागी ठेवले. ९१चे ८६ झाले. खणात बाहेर टाकलेली गरम हवाच पुन्हा आत ओढली जात होती.

त्यानंतर बदल न करता एक चाचणी घेतली. कॅबिनेटची बाजूची झडप उघडी ठेवून तेच काम चालविले, तेव्हा आकडा ७८वर आला. ही चाचणी प्रत्येकाने करावी, कारण ती दोषाची जागा दाखविते. झडप उघडताच आकडा आठ-दहा अंशांनी उतरला, तर दोष मुख्यतः कॅबिनेटमधील हवेच्या वाटेत आहे. फारसा फरक पडला नाही, तर दोष खुद्द कार्डात, म्हणजे त्याच्या पंख्यात, पत्र्यांतील धुळीत किंवा चिपवरील लेपात शोधावा. झडप कायमची उघडी ठेवणे हा मात्र उपाय नव्हे. त्याने धूळ, जीवजंतू आणि लहान मुलांच्या बोटांना वाट मिळते.

आता स्वच्छता. येथे आपल्या घरांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. दुरुस्तीवाले बहुधा थेट ब्लोअर लावतात. कॅबिनेट ही ऊबदार, अंधारी, निवांत जागा आहे. तेथे कोळी, मुंग्या, क्वचित पालही आसरा घेते. भगिनीने उपवासाच्या दिवशीही उठून येऊन एवढेच सांगितले, "दादा, जयणेने करा." मग दिवसाच्या उजेडात अंगणात कॅबिनेट नेले, आधी नीट निरखले. मागच्या कोपऱ्यात जाळे होते आणि जाळ्यात जिवंत कोळी होता. जाड कागदावर अलगद घेऊन त्याला सावलीत कुंडीमागे सोडले, आणि मगच ब्रशला हात लावला. घरात पूंजणी ज्या भावनेने वापरतो, त्याच भावनेने. या पाहणीचा व्यवहारातही लाभ होतो. ब्लोअरच्या झोतात जे कधी दिसले नसते, ते सावकाश पाहताना दिसते.

क्रम असा ठेवावा. संगणक बंद करून मुख्य तार काढावी. मग चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे आतील उरलीसुरली वीज निघून जाते. आतील भागांना हात लावण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करावा, म्हणजे अंगावरील स्थिर वीज उतरते. कोरड्या मऊ ब्रशने धूळ सैल करावी आणि शेवटी दुरून हलकी हवा मारावी. हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने अडवून धरावे, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून खराब होतो. घरातील व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नये, त्याच्या नळीने स्थिर वीज निर्माण होऊ शकते. ओले फडके तर नाहीच नाही.

समोरच्या जाळीवर जे सापडले ते साध्या धुळीपेक्षा वेगळे होते. साड्यांचे सूक्ष्म तंतू आणि दुकानातील देवघराच्या धूपाचा चिकट थर यांची मिळून जणू नमद्याची घडी झाली होती. कार्डाच्या पत्र्यांमध्येही तोच थर. कापड, धान्य, मसाले, हळद यांच्या व्यापारात प्रत्येक पेढीची धूळ वेगळी आणि तिचा हट्टीपणाही वेगळा. जाळी काढून धुतली, पूर्ण वाळविली, बसविली. ८६चे ८० झाले.

तिसरी गोष्ट सावकाश पाहिल्यामुळेच सापडली. मागचा पंखा गेल्या वर्षी बदलला होता आणि तो उलटा बसविलेला होता. हवेची रीत सरळ आहे: समोरून थंड हवा आत, मागून आणि वरून गरम हवा बाहेर. पंख्याची दिशा ओळखण्याची खूण अशी, की ज्या बाजूला मोटारीला धरणाऱ्या आडव्या दांड्या आणि बहुधा कंपनीची चिठ्ठी असते, त्या बाजूने हवा बाहेर पडते. येथे समोरचा पंखा आत फेकत होता आणि मागचाही आतच फेकत होता. दुकानाला येण्याची दोन दारे आणि जाण्याचे एकही नाही, तर गर्दी होणारच. चार स्क्रू काढून पंखा फिरविला. ८०चे ७६ झाले.

चौथा बदल सेटिंगचा. एमएसआय आफ्टरबर्नर नावाचे विनामूल्य साधन बहुतेक कंपन्यांच्या कार्डांवर चालते. त्यात पंख्याने कोणत्या तापमानाला किती वेगाने फिरावे ते ठरविता येते, आणि कार्डाने जास्तीत जास्त किती वीज घ्यावी तेही. पंखा थोडा आधी वेग घेईल असे केले आणि विजेची मर्यादा शंभरावरून ८५ टक्क्यांवर आणली. ७६चे ७१ झाले. सहा मिनिटांची चित्रफीत तयार होण्यास दहा-बारा सेकंद अधिक लागले, एवढेच. शेवटच्या पंधरा टक्के विजेतून कार्ड फारच थोडे अधिक काम काढते, बाकी उष्णताच वाढविते. थोडे परिमाण ठरवून घेतले तर गैरसोय नगण्य आणि शांतता पुष्कळ, हा अनुभव आपल्याला नवा नाही.

वहीतील हिशेब असा: खणातून काढल्याने ५ अंश, स्वच्छतेने ६, पंखा फिरविल्याने ४, मर्यादेने ५. एकूण बचत २० अंश. खर्च एका ब्रशचा.

एक उपाय आम्ही केला नाही, आणि तो का केला नाही हेही सांगावयास हवे. चिप आणि उष्णताशोषक यांच्यामध्ये उष्णतावाहक लेप असतो. काही वर्षांनी तो सुकतो आणि मग बाहेरची कितीही स्वच्छता व्यर्थ ठरते. याची खूण म्हणजे चिपचे सरासरी तापमान आणि तप्त बिंदूचे तापमान यांतील तफावत. ती दहा-पंधरा अंश असली तर लेप ठीक समजावा. पंचवीस-तीसच्या पुढे गेली तर लेप सुकला आहे किंवा उष्णताशोषक नीट टेकलेला नाही, असा संशय घ्यावा. येथे तफावत १२ होती, म्हणून कार्ड उघडण्याचा मोह टाळला. ज्यांना लेप बदलणे आवश्यक असेल, त्यांनी जाणत्या कारागिराकडूनच तो बदलून घ्यावा. स्मृतीच्या चिपांवरील मऊ पट्ट्या नेमक्या त्याच जाडीच्या बसवाव्या लागतात. कार्डाची हमी शिल्लक असल्यास तिच्या अटी आधी वाचाव्यात. तसेच कार्डाचा एखादा पंखा काम चालू असतानाही फिरत नसेल किंवा खरखरत असेल, तर पंखाच बदलावा. सारे कार्ड टाकून देण्याचे कारण नाही.

राहिला गेमचा प्रश्न. मेहुणे तेथेच उभे होते, म्हणून तोही समोरासमोर मोजला. गेम चालू असताना कार्ड ७१ अंशांवर राहिले, म्हणजे चित्रफितीच्या कामाइतकेच. भाच्याचा पडदा सेकंदाला ६० चित्रे दाखवितो, पण कार्ड त्याहून कितीतरी अधिक तयार करीत होते. जी कोणी पाहणारच नव्हते अशी चित्रे ती. ग्राहक समोर नसताना ठाणामागून ठाण उलगडीत बसावे, तसे हे श्रम. सेटिंगमध्ये सेकंदाला ६०ची मर्यादा घातली, तेव्हा तोच गेम ६४ अंशांवर चालला. भाच्याने मान खाली घालून ती मर्यादा ठेवून दिली. त्याने रात्री किती वाजेपर्यंत खेळावे, हा प्रश्न त्याच्या आईवडिलांचा आहे आणि तो खराही आहे. परंतु कार्ड जाळल्याचा आरोप वहीत टिकत नव्हता.

मेहुण्यांनी वही हातात घेतली आणि पहिली ओळ, खणाची, दोनदा वाचली. मग चष्मा काढून मुलाकडे पाहत म्हणाले, "मिच्छामि दुक्कडम्, बेटा. संवत्सरीपर्यंत थांबायला नको." एवढेच. भाचा काही बोलला नाही. त्याने वाकून नमस्कार केला आणि चित्रफितीच्या कामाला बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी सुतार आला आणि खणाची मागची फळी कापून तेथे जाळी बसविली.

सांजीच्या रात्री चित्रफीत दाखविली गेली. शेवटच्या छायाचित्रात भगिनी अंगणात बसून पंख्याची जाळी पुसताना दिसली. ते कोणी आणि केव्हा टिपले, मला कळलेही नाही.

वाचकांसाठी एक वार्षिक नियम सुचवून थांबतो. कॅबिनेटची संपूर्ण पाहणी वर्षातून दोनदा करावी. एकदा आषाढ चौमासी चतुर्दशीपूर्वी, कारण पावसाळी दमटपणात जीवोत्पत्ती वाढते आणि नंतर यंत्र उघडणे जयणेला धरून होत नाही. दुसऱ्यांदा चातुर्मास संपल्यावर, कार्तिकी पौर्णिमेनंतर. समोरची जाळी मात्र महिन्यातून एकदा पुसावी, कापडाच्या पेढीवर पंधरा दिवसांनी. प्रत्येक पाहणीनंतर खोलीचे व कार्डाचे तापमान तारखेसह लिहून ठेवावे. पुढच्या वेळी यंत्र तापले आणि कोणी "नवीन घ्या" म्हणाले, तर आधी ती वही उघडावी.